कौतुकाची उधारी ठेवू नका

(डिसेंबरअखेर झालेल्या प्रभागसंघाच्या मेळाव्यात अध्यक्षताईंनी केलेलं हे भाषण. ज्या सख्या ऊसतोडीला गेल्यामुळे मेळाव्याला येऊ शकल्या नाहीत, त्यांच्यासाठी ते इथं छापत आहोत. गटाच्या बैठकीत एकीनं मोठ्यानं वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं.)



सकाळी सतरंज्या अंथरताना आपल्या सीआरपी ताईनं मला विचारलं, "किती अंथरू?" मी म्हटलं, पावसाळ्यातल्या सभेला लागल्या त्याच्या निम्म्या. तिनं "का" म्हणून विचारलं नाही. तिला माहीत आहे, मला माहीत आहे, तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. दसरा-दिवाळी झाली की आपल्या गावांतून ट्रक आणि ट्रॅक्टर भरून जातात. कोणी सांगली-कोल्हापूरकडं, कोणी कर्नाटकात. आपण इथं मांडवाच्या सावलीत बसलोय आणि आपल्याच गटातल्या कितीतरी जणी या घडीला उसाच्या फडात मोळ्या बांधतायत. म्हणून बोलायला सुरुवात करायच्या आधी त्यांची आठवण काढते.

फडावरची रीत आपल्याला ठाऊक आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल कोयत्यावर मिळते, हिशोब कोयत्यावर होतो आणि मुकादमाच्या वहीत नाव असतं नवऱ्याचं. बाई ऊस तोडते, पाचट काढते, मोळी बांधते, ती डोक्यावर घेऊन गाडीत भरते आणि अंधारात खोपीवर येऊन चूल पेटवते. तरी वहीत ती कुठंच नाही. फार तर तिला "अर्धा कोयता" म्हणतात. हा अन्याय आहे असं आपण मेळाव्यात बोलतो आणि ते खरंच आहे. पण आज मला दुसऱ्याच्या वहीविषयी बोलायचं नाही. आपल्या स्वतःच्या वहीविषयी बोलायचं आहे. आपल्या गटाच्या वहीत तरी कोणाकोणाच्या कामाची नोंद असते?

आत्ताच सचिवताईंनी वर्षाचा अहवाल वाचला. बचत किती झाली, अंतर्गत कर्ज किती दिलं, बँकेची परतफेड कशी झाली, सगळं तुम्ही ऐकलं. ते आकडे मी पुन्हा सांगत नाही. अहवालात जे कधीच येत नाही ते सांगते. आणि त्यात माझी एक चूकही सांगते. अध्यक्षानं स्वतःची चूक माईकवर सांगावी का, असं काल घरात मला विचारलं गेलं. मी म्हटलं, चूक केली होती तीही चारचौघीतच.

तिळाच्या डब्यातले पैसे

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. तेव्हा मी आमच्या गटाची अध्यक्ष होते आणि आमच्या गल्लीतलीच एक ताई सचिव होती. गटाचं सगळं लिखाण ती करायची. इतिवृत्त, रोख पुस्तक, बचत-कर्जाची खतावणी, अकरा जणींची पासबुकं. आमच्यात नीट लिहिता येणाऱ्या दोघीच, त्यात माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. म्हणून आम्ही सगळ्या म्हणायचो, "तू लिही बाई, तुझं अक्षर चांगलं." हेच काय ते आमचं कौतुक. ते म्हणून झालं की आम्ही उठून जायचो आणि ती दिवाबत्तीच्या वेळेपर्यंत लिहीत बसायची.

त्या वर्षी दिवाळीनंतर आमची एक सदस्य तोडीला निघाली. पहाटे ट्रॅक्टर दारात उभा, पोरं मागं बसलेली, आणि ती धावत माझ्या दारात आली. "ताई, माझा हप्ता घ्या, तिकडं गेल्यावर पाठवणं होईल का नाही सांगता येत नाही." मुद्दल 1,000 आणि व्याज 150, असे 1,150 रुपये तिनं माझ्या हातात दिले. मी तिच्या पासबुकात सही केली. पासबुक तिनं जाता जाता सचिवताईकडं ठेवलं. माझा धाकटा तेव्हा तापानं फणफणला होता. पैसे नीट कुठं ठेवावेत म्हणून मी तिळाच्या डब्यात टाकले. तो डबा एरवी कोणी उघडत नाही. दिवस उजाडला, पोराला घेऊन दवाखान्यात गेले आणि पैसे माझ्या डोक्यातून साफ निघून गेले.

पुढच्या बैठकीत पेटी उघडली, रक्कम मोजली. वहीपेक्षा 1,150 रुपये कमी. सचिवताईनं पासबुकावरची सही बघून हप्ता जमा धरला होता, आणि पेटीत तर पैसे नाहीत. ती म्हणाली, "ताई, एकदा सगळी पासबुकं पडताळून बघू." मी तिला बोलूच दिलं नाही. दवाखान्याची जागरणं, डोकं तापलेलं. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "वही तुझ्याकडं, किल्ली तुझ्याकडं, मग पैसे गेले कुठं?"

कोणी काही बोललं नाही. एकीनं पदर तोंडाला लावला. दुसरी म्हणाली, "जाऊ द्या, देऊन टाकील ती." म्हणजे काय, तर तिनंच घेतले असं सगळ्यांनी धरून टाकलं. दोन दिवसांनी तिनं 1,150 रुपये आणून पेटीत भरले. कुठून आणले ते तेव्हा मी विचारलं नाही. नंतर कळलं, अंड्यावरच्या चार कोंबड्या विकल्या आणि बाकीचे माहेरातून मागून आणले. वह्या, किल्ली, शिक्का, सगळं माझ्या ओट्यावर ठेवलं आणि ती बैठकीला यायची थांबली.

सख्यांनो, तेव्हा मला कळलं ती काय काम करत होती. पहिल्या आठवड्यात आम्ही इतिवृत्त लिहिलंच नाही. दुसऱ्या आठवड्यात एकीची बचत दुसरीच्या नावावर चढली. महिन्याभरात गटात धुसफूस सुरू झाली. "माझं व्याज जास्त लावलं", "तिचं कमी लावलं." दोन जणी म्हणाल्या, आमची बचत द्या, आम्ही निघतो. तिनं सहा वर्षं सांभाळलेला गट आम्ही सात-आठ आठवड्यांत मोडायला आणला.

मग संक्रांत आली. लाडवाला तीळ काढायला मी डबा उघडला. तिळात बुडालेली नोटांची पुरचुंडी हाताला लागली. त्या नोटा हातात घेऊन मी किती वेळ खाली बसले होते ते माझं मला माहीत. संक्रांतीला आपण काय म्हणतो? गोड बोला. आणि त्याच तिळात माझं कडू बोलणं पुरलेलं होतं.

संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. ती चुलीपुढं भाकरी करत होती. मी पैसे पुढं ठेवले, सगळं सांगितलं, हात जोडले. तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि शांतपणे म्हणाली, "ताई, चोर ठरवलंत ते चारचौघीत, आणि माफी मागताय ती माझ्या चुलीपाशी."

हे वाक्य मी आजवर विसरलेले नाही.

पुढच्या बैठकीत मी सगळ्यांसमोर उभी राहिले. पैसे कुठं सापडले ते सांगितलं, तिची माफी मागितली आणि ते सगळं इतिवृत्तात लिहायला लावलं. माझ्याच वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं, कारण तिलाच कसं लिहायला सांगणार? त्या पानावर अकराही जणींच्या सह्या आणि अंगठे आहेत. ती लगेच परत आली असं नाही. पाडव्यानंतर आली. आल्यावर तिनं एकच अट घातली, आणि ती अट आपल्या सगळ्या गटांनी ऐकण्यासारखी आहे. ती म्हणाली, "मला शाबासकी नको. माझ्याबरोबर आणखी दोघींना लिहायला शिकवा."

कौतुक म्हणजे काय, नि काय नाही

त्यानंतर एकदा मी तिच्या कामाचा हिशोब मांडला. तुम्हीही मांडून बघा. आठवड्याला एक बैठक, म्हणजे वर्षाच्या 52. बैठकीमागे लिखाणाचे दोन तास धरा. झाले 104 तास. आठ तासांचा एक रोज धरला तर 13 रोज. 300 रुपये रोजानं वर्षाचे 3,900 रुपये. सहा वर्षांचे 23,400. हे सगळं तिनं आम्हाला दिलं होतं. त्याची आम्ही कुठं नोंद केली नाही, आणि 1,150 रुपयांसाठी तिला जाब विचारला.

कर्ज कोणाकडं किती थकलंय, ते आपल्याला तोंडपाठ असतं. "तिचे तीन हप्ते राहिलेत" हे शेजारच्या गटालाही माहीत असतं. पण आपल्याकडं कोणाच्या कष्टाची बाकी राहिली आहे, हे कोणी मोजतं का? पैशाची उधारी आपण ठेवत नाही, म्हणून आपल्या गटाला बँकेत मान आहे. कौतुकाची उधारी मात्र वर्षानुवर्षं ठेवतो.

त्या प्रसंगातून मी जे शिकले ते साधं आहे. कौतुक करायचं तर नाव घेऊन करा. "सगळ्यांनी छान काम केलं" यात कोणाचंच कौतुक होत नाही. नेमकं काम सांगा. "तू फार चांगली आहेस" याऐवजी "श्रावणात माझी म्हैस अडली तेव्हा रात्री अकराला तू बॅटरी घेऊन आलीस" असं म्हणा. बघा तिचा चेहरा कसा होतो. आणि चारचौघीत करा. आपण बोट दाखवतो ते सगळ्यांसमोर आणि आभार मानतो ते कानात. हे उलटं व्हायला पाहिजे.

शाल-नारळाला मी नाव ठेवत नाही. पण आपल्या कार्यक्रमात शाल-नारळ कोणाला मिळतो? जे साहेब गाडीतून उतरतात त्यांना. त्यांचा मान ठेवावाच. पण ज्या बाईनं पहाटे उठून अंगण झाडलं, पाणी भरलं, चहाचं आधण ठेवलं, ती फोटोतसुद्धा येत नाही. आज इथला स्वयंपाक ज्यांनी केला त्या सात जणी मांडवामागे उभ्या आहेत. माझं बोलणं झालं की त्यांनी पुढं यायचं आहे. "राहू द्या ताई, काय त्यात" म्हणायचं नाही. आपल्याला कौतुक करायची सवय नाही तशी करून घ्यायचीही सवय नाही. कोणी चांगलं म्हटलं की आपण लाजून मागं सरतो. घेता आलं पाहिजे, बाई. घेता आलं तर देता येतं.

आणखी एक धोका सांगते. कधी कधी आपण कौतुक करतो ते ओझं टाकण्यासाठी. "तुझं अक्षर चांगलं, तूच लिही." "तुला बोलता येतं, तूच बँकेत जा." "तुझ्या हाताला चव, तूच स्वयंपाक कर." हे कौतुक नव्हे, बिनपगारी नेमणूक आहे. जिचं काम खरंच मोलाचं वाटतं, तिच्या डोक्यावरचा भार थोडा आपल्या डोक्यावर घ्या. आमच्या गटात आज चौघी लिहितात, पाळीपाळीनं. आणि लिहिणारीला मानधन किती द्यायचं, याचा रीतसर ठराव केलेला आहे. रक्कम मोठी नाही. पण वहीत तिच्या कामाचा स्वतंत्र रकाना आहे.

मी किती वाढले?

वर्ष संपताना आपण विचारतो, शेळ्या किती वाढल्या, बचत किती वाढली. कधी स्वतःला विचारा, मी किती वाढले? हे मोजायला मोठी फूटपट्टी लागत नाही. मागच्या वर्षी जे मला एकटीनं जमत नव्हतं आणि आज जमतं, असं एक काम आठवा. कोणी पहिल्यांदा एटीएममधून स्वतः पैसे काढले असतील. कोणी ग्रामसभेत उठून नळाच्या पाण्याचं विचारलं असेल. कोणी पोरीच्या लग्नाची घाई करणाऱ्या पाहुण्यांना "अठरा झाल्याशिवाय नाही" म्हणून सांगितलं असेल. कोणी अंगठ्याची सही केली असेल.

माझी वाढ कुठून सुरू झाली ते सांगते. पंधरा वर्षांपूर्वी गटाचं खातं उघडायला मी पहिल्यांदा बँकेत गेले. खिडकीतल्या साहेबांनी विचारलं, "पूर्ण नाव?" माझ्या तोंडून नावच निघेना. घाम फुटला. मी म्हणाले, "यांचं नाव सांगू का?" मागच्या रांगेतले लोक हसले. साहेब फॉर्म बाजूला सारायला लागले. तेव्हा आमच्याबरोबर गटातली एक म्हातारी आली होती. सगळ्या गावाची आत्या. ती स्वतः अंगठा लावणारी. ती खिडकीपाशी गेली आणि म्हणाली, "साहेब, तिला लिहिता येतं. जरा दम धरा, ती लिहील." आणि माझ्या कोपराला धरून उभी राहिली, माझं नाव लिहून होईपर्यंत.

जिला स्वतःला लिहिता येत नव्हतं तिनं माझ्या लिहिण्याची खात्री दिली. आज मी माईकवर बोलते, अधिकाऱ्यांशी बोलते, त्या सगळ्याच्या मुळाशी आत्याचा तो हात आहे.

आत्या यंदा आषाढात गेली. मी शेवटपर्यंत तिला हे सांगितलं नाही. वाटायचं, तिला माहीतच असेल. कदाचित ती विसरूनही गेली असेल. तिच्या दहाव्याला मी सगळ्यांना ही गोष्ट सांगितली. तिची सून रडत म्हणाली, "आत्याबाईंना जिवंतपणी सांगितलं असतंत तर किती बरं झालं असतं." तिचं बरोबर होतं. म्हणून आज तुम्हाला सांगते, उधारी ठेवू नका. ज्या बाईनं तुम्हाला कधी आधार दिला, ती जिवंत असेल तर आज घरी जाताना तिच्या दारावरून जा.

परतफेड पुढच्या बाईला

आता आत्याची परतफेड मी कशी करू? गटाचं कर्ज आपण गटाला फेडतो आणि तोच पैसा फिरून पुढच्या बाईच्या कामी येतो. कोणाच्या पेरणीला, कोणाच्या शिलाई मशीनला, कोणाच्या बाळंतपणाला. मदतीचंही तसंच करायचं. जिनं दिलं तिला देता आलं नाही, तर पुढच्या बाईला द्यायचं.

अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले तालुक्यात कोंभाळणे गाव आहे. तिथल्या राहीबाई पोपेरे यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. कधी शाळेत न गेलेल्या आदिवासी बाई. त्यांनी वाल, घेवडा, भात, भाज्या यांचं गावठी बियाणं गोळा केलं, जपलं आणि लोकांना दिलं. सरकारनं 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर केली. त्यांची बी देण्याची रीत मला फार आवडते. बी न्या, पेरा, आणि पीक आलं की नेलं त्याच्या दुप्पट परत आणून द्या. त्या परत आलेल्या बियांतूनच पुढच्या शेतकऱ्याला देता येतं. शिकलेल्या गोष्टीचं आपण असंच करू. मला एकीनं शिकवलं, मी दोघींना शिकवीन.

आणि चार दिवसांवर 3 जानेवारी आली आहे, सावित्रीबाईंची जयंती. आपण फोटोला हार घालू, भाषणं करू. त्या शिकल्या, शिकवायला गेल्या, शेणमाती अंगावर झेलली, हे आपण दरवर्षी ऐकतो. पण 1897 साली पुण्यात प्लेग आला तेव्हा त्या 66 वर्षांच्या होत्या. त्यांचा मुलगा यशवंत डॉक्टर होता. त्याच्याबरोबर त्या रुग्णांची सेवा करत होत्या. मुंढव्याच्या एका आजारी पोराला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणलं, त्यातच त्यांना प्लेगची लागण झाली आणि 10 मार्च 1897 ला त्या गेल्या. आपलं वय झालं, आता इतरांनी करावं, असं त्यांनी म्हटलं नाही. त्यांच्याएवढं आपल्या हातून होणार नाही. पण कोणाला तरी चार पावलं पाठीवर नेणं होईल.

परत देणं म्हणजे पैसे देणं असं कोणी समजू नका. ज्यांच्याकडं पैसा नाही त्यांच्याकडं देण्यासारखं बरंच असतं. आमच्या गावात यंदा काय चाललंय ते सांगते. तोडीला गेलेल्यांची काही पोरं हंगामी वसतिगृहात जेवतात, काही आजी-आजोबांजवळ आहेत. आजीला दिसत नाही, आजोबाला ऐकू येत नाही. मग ग्रामसंघातल्या सहा जणींनी घरं वाटून घेतली. संध्याकाळी दिवेलागणीला एक चक्कर. पोर शाळेत गेलं का, जेवलं का, आजीच्या गोळ्या घेऊन झाल्या का, एवढंच बघायचं. मोठी पोर असेल तर तिच्यापाशी जरा जास्त वेळ बसायचं. आणि रविवारी फोन लावून आई-पोरांचं बोलणं करून द्यायचं. यात खर्च काय? पण फडावरची आई त्या रात्री नीट झोपते.

या सहा जणींची नावं आम्ही इतिवृत्तात लिहिली आहेत. आणि फडावरच्या बायकांनाही विसरलो नाही. बैठकीच्या दिवशी एकीला फोन लावतो, स्पीकर चालू करतो, सगळ्या जणी तिचं नाव घेऊन हाक मारतात. हजेरीत तिची खूण लागत नाही, तो नियम नियमाच्या जागी. पण ती गटात आहे हे तिला कळतं. मागच्या आठवड्यात एक जण फोनवर रडलीच. म्हणाली, "इथं मला कोणी नावानं हाक मारत नाही, ताई. सगळे अमक्याची बायको म्हणतात."

घरातल्यांचंही कौतुक राहून जातं, ते लक्षात ठेवा. तुम्ही आज इथं आलात तर घरी कोणीतरी शेरडं सोडली असतील, कोणी पोरं सांभाळली असतील. सासू असेल, जाऊ असेल, थोरली लेक असेल. नवऱ्यानं चहा करून घेतला असेल तर त्यालाही सांगा, "तुम्ही होतात म्हणून जाता आलं." पण लेकीला आधी सांगा. तिच्या वाट्याला हे शब्द सगळ्यात कमी येतात.

जानेवारीतल्या बैठकीसाठी

आता शेवटचं. संक्रांत येते आहे. गावोगाव हळदी-कुंकू होईल, वाण वाटलं जाईल. त्या दिवशी ज्या आपल्या बहिणींचे नवरे गेलेत, त्या घरात बसून राहतात. वर्षभर त्या आपल्याबरोबर बचत भरतात, सह्या करतात, मोर्चात पुढं असतात, आणि संक्रांतीला आपण त्यांना बाहेर ठेवतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. पुढं शासनानंही इतर ग्रामपंचायतींना तसं करण्याचं आवाहन केलं. एका गावाला जमलं ते आपल्याला का जमू नये? माझी विनंती आहे, यंदा गटाच्या हळदी-कुंकवाचं पहिलं वाण आपल्यातल्या एकल बहिणीच्या हातात द्या. आणि वाण म्हणून प्लास्टिकच्या वाट्यांऐवजी भाजीच्या बियांची पुडी द्या, नाहीतर वही-पेन द्या. कोणी नाक मुरडलं तर मुरडू द्या.

आणि जानेवारीच्या पहिल्या बैठकीत बचत गोळा झाली, कर्जाचं झालं, की वही मिटायच्या आधी प्रत्येकीनं एक वाक्य बोलायचं. सरलेल्या वर्षात या गटातल्या कोणी माझ्यासाठी काय केलं. नाव आणि काम, एवढंच. ते इतिवृत्तात लिहून घ्या. जिचं नाव कोणीच घेतलं नाही, तिच्याकडं त्या दिवशी नीट बघा. कदाचित ती सगळ्यात जास्त काम करणारी असेल आणि आपल्याला दिसत नसेल. किंवा ती गटापासून तुटत चालली असेल. दोन्ही वेळी तिच्या घरी जाणं आपलं काम आहे.

ज्यांची कोणाशी अबोला आहे, त्यांनाही सांगते. चूक चारचौघीत केली असेल तर माफीही चारचौघीत मागा. जड जातं. माझे पाय लटपटत होते. पण मागितल्यावर मी लहान झाले नाही, आणि गट टिकला.

ती सचिवताई आज इथंच बसली आहे, चौथ्या ओळीत. तुमचं नाव घेऊ का म्हणून मी तिला विचारलं होतं. ती म्हणाली, "भाषणात घ्या, पण छापायला देऊ नका, गावाला सगळं माहीतच आहे." म्हणून आता मी तिचं नाव घेते, आणि तुम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. त्यानंतर मांडवामागच्या त्या सात जणींनी पुढं यायचं.

नव्या वर्षाच्या तुम्हा सगळ्यांना शुभेच्छा. जय जिजाऊ, जय सावित्री.